गिळण्याची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे. पण मित्रांनो, मला बसण्यासाठी केलेले नाही. मला गिळण्यासाठी केले आहे. हसलात ना? खुशाल हसा. मी तयार होऊन रुग्णालयाच्या आवारातून आत आले, त्या दिवशी निम्मे लोक असेच हसले होते, आणि उरलेले निम्मे "ही कुठल्या खात्याची?" म्हणून एकमेकांना विचारत होते.

सध्या माझा मुक्काम क्ष-किरण विभागाच्या बाहेरच्या पॅसेजमध्ये, पाण्याच्या कूलरशेजारी आहे. माझा एक पाय थोडा आखूड झाला आहे, म्हणून मी डुलते. लोक माझ्यावर ओले रेनकोट टाकतात, पिशव्या ठेवतात, बुटाची नाडी बांधायला पाय ठेवतात. पूर्वी मी त्या समोरच्या जाड दाराच्या आत होते, आणि माझ्यावर बसायला चिठ्ठी लागत असे.

माझा जन्म रुग्णालयाच्या मागच्या सुतारशाळेत झाला. जुना प्रसूतिकक्ष पाडला होता, त्याच्या दाराची फळी म्हणजे मी. किती बाळांचे पहिले रडणे माझ्या लाकडाने ऐकले असेल, कोण जाणे. त्या फळीला रंधा मारत असताना एक तरुण बाई रोज येऊन उभ्या राहायच्या. पाठ उंच हवी, ताठ हवी, रुंद मात्र नको, हात नकोत, असे सांगायच्या. आणि पुन्हा पुन्हा बजावायच्या, "मामा, पाठीला खिळा नको हं. एकही नको."

सुतारमामांनी मान डोलावली आणि एक बारीक खिळा ठोकलाच. हाताची सवय, दुसरे काय! पहिल्याच दिवशी एक बोळक्या तोंडाच्या आजी माझ्यावर बसल्या, यंत्र सुरू झाले आणि पडद्यावर त्यांच्या घशात चांगला लांबसडक खिळा दिसू लागला. डॉक्टरांच्या तोंडचे पाणी पळाले. "आजी, खिळा कधी गिळलात?" आजी म्हणाल्या, "अहो, मला दात नाहीत. बिस्कीट चावत नाही, खिळे कुठून खाऊ?" सुतारमामांना बोलावणे गेले. खिळा निघाला, तिथे लाकडी खुंटी बसली. ती खुंटी अजून माझ्या पाठीत आहे, आणि ती पुढे या गोष्टीत येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

त्या तरुण बाई म्हणजे ताई. त्यांची नेमणूक बोलण्याचे उपचार करायला झाली होती, त्यामुळे सगळे त्यांना 'बोलण्याच्या ताई' म्हणत. तोतरी मुले त्यांच्याकडे येतील, अशी सर्वांची समजूत. ताई मात्र म्हणायच्या, "ज्या घशाने बोलतो, त्याच घशाने गिळतो. बोलता आलं नाही तर माणूस अडतो. गिळता आलं नाही तर माणूस जातो." हे त्या अगदी शांतपणे म्हणायच्या.

माझ्या त्या खोलीत काय चालायचे, ते सांगते. आजारी माणसाला माझ्यावर ताठ बसवायचे. बाजूने यंत्र यायचे. मग ताई एक पांढरे औषध द्यायच्या. कधी पाण्यासारखे पातळ, कधी दह्यासारखे घट्ट, कधी बिस्किटाला लावून. ते औषध पडद्यावर काळेभोर दिसते. तोंडातून निघाल्यापासून ते खाली उतरेपर्यंतचा त्याचा सगळा प्रवास यंत्र टिपून ठेवते. यंत्र चालवणारे फोटोभाऊ काचेमागे बसायचे. ताई किरणांपासून बचाव म्हणून शिशाचा जड कोट घालून माझ्या शेजारी उभ्या असायच्या.

तुम्ही दिवसातून कितीदा तरी गिळता आणि तुमच्या ध्यानीमनीही नसते. पण घशात दोन वाटा अगदी शेजारी शेजारी आहेत. एक हवेची, एक अन्नाची. घास आला की हवेच्या वाटेवरचे झाकण मिटते, श्वास क्षणभर थांबतो, घास सरकतो, झाकण पुन्हा उघडते. हे सगळे एका झटक्यात व्हावे लागते. झाकण मिटायला जरा उशीर झाला, की पाणी चुकीच्या वाटेला लागते. मग ठसका लागतो. ठसका म्हणजे त्या वाटेवरचा पहारेकरी. तो ओरडतो, धक्के मारतो आणि चोराला बाहेर काढतो.

माझ्यावर बसणाऱ्यांचे हेच तंत्र बिघडलेले असे. कोणाला पक्षाघात झालेला, कोणाला कंपवात. कोणाच्या घशाला गाठ होऊन त्यावर किरणांचे उपचार झालेले. कोणी नुसतेच म्हातारे, गळ्याचे स्नायू थकलेले. दिवस भरायच्या आत जन्मलेले एक बाळसुद्धा आईच्या मांडीवरून माझ्याकडे आले होते, त्याला दूध ओढता येत नव्हते. अन्न-पाणी फुप्फुसात गेले की न्युमोनिया होतो. ते भीतीने बंद केले की शरीर सुकते. आणि एक तिसरी गोष्ट कोणत्याही फोटोत दिसत नाही. अशी माणसे हळूहळू चारचौघांत जेवायची बंद होतात. आपले ताट घेऊन आतल्या खोलीत जातात. मला ती बसल्याबरोबर कळायची, कारण दर खेपेला ती आधीपेक्षा हलकी झालेली असायची.

ताईंचे संशोधन मात्र या सगळ्यांतल्या वेगळ्याच माणसांवर होते. पाणी चुकीच्या वाटेने जाते आणि तरी ज्यांना ठसका लागत नाही, अशी माणसे त्या शोधत होत्या. पहारेकरी झोपला आहे आणि घरच्यांना वाटते, की चोरच येत नाहीत! "ठसका लागतो त्याची मला काळजी वाटते," ताई म्हणायच्या, "लागत नाही त्याची भीती वाटते." हे मोठ्या डॉक्टरांना पटत नसे. माणूस सज्जन, पण सदा घाईत. वॉर्डात फेरी मारताना ते एकच विचारायचे, "पाणी पिताना खोकतात का? नाही ना? मग गिळताहेत. सोडा घरी."

असेच घरी सोडलेले एक गृहस्थ पुन्हा ताप घेऊन परत आले, पुन्हा बरे होऊन गेले आणि पुन्हा परत आले. तेव्हा ताईंनी त्यांना माझ्याकडे मागून घेतले.

त्यांना नाटकमंडळी कुजबुजेकाका म्हणायची. हे काही त्यांचे आडनाव नव्हते. ते जन्मभर नाट्यगृहात प्रॉम्प्टर होते. विंगेत एका स्टुलावर, मिणमिणत्या दिव्याखाली संहिता धरून बसायचे आणि नट अडला की त्याला पुढचा शब्द असा द्यायचे, की पहिल्या रांगेलाही ऐकू जाऊ नये. त्यांना चाकांच्या खुर्चीवरून घेऊन आली ती त्यांची लेक. ती त्याच नाट्यगृहात कपडेपट सांभाळायची. तिच्या पदराला सुया टोचलेल्या होत्या, त्या फोटोभाऊंनी आधी काढून ठेवायला लावल्या. मला माझा खिळा आठवला.

काका माझ्यावर बसले. पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती, बोलणे अडखळत होते. पण पाठ मात्र त्यांनी आपण होऊन ताठ केली. इतका हलका आणि इतका ताठ माणूस माझ्यावर पूर्वी बसला नव्हता.

"जेवताना ठसका लागतो का यांना?" ताईंनी विचारले.

"छे!" लेक म्हणाली. "सुरुवातीला लागायचा वॉर्डात. आता अजिबात नाही. आमच्या घरात कोणी खोकतच नाही हो." हे तिने कौतुकाने सांगितले.

आधी घट्ट औषधाचा चमचा झाला. तो सावकाश, पण सरळ उतरला. मग पातळ औषधाचा एक घोट. पडद्यावर मला दिसले: एक काळी बारीक रेघ झाकण मिटायच्या आत पुढे निसटली आणि हवेच्या वाटेने खाली, फुप्फुसाकडे उतरली. मी पाठ घट्ट करून वाट पाहू लागले. कारण ठसका लागला की सगळ्यात आधी तो मला कळतो. माणसाची पाठ माझ्यावर आपटते, माझ्या खुंट्या कुरकुरतात. पण काहीच झाले नाही. खोलीत यंत्राची घरघर तेवढी ऐकू येत होती.

ताईंचा चेहरा उतरला. "अजून एक ठसका न लागणारे," त्या काचेकडे बघून पुटपुटल्या.

पण मित्रांनो, 'काहीच झाले नाही' हे खरे नव्हते. काकांची पाठ माझ्यावर फळीसारखी कडक झाली होती. त्यांनी श्वास रोखला होता. आतून काहीतरी वर येऊ बघत होते आणि ते सगळी ताकद लावून ते दाबत होते. ज्यांना खरेच काही जाणवत नाही, त्यांची पाठ अशी कधी होत नाही. ती सैल असते. मला हे ओरडून सांगावेसे वाटले. पण खुर्चीला तोंड नसते. मी माझ्या परीने कुरकुरले, तर फोटोभाऊ म्हणाले, "या खुर्चीला तेल द्यायला हवं."

तेवढ्यात काकांच्या धड असलेल्या हाताचे बोट सावकाश वर गेले आणि गळ्याखालच्या खळगीत टेकले. त्यांचे डोळे पाण्याने भरले. त्यांनी आवंढा गिळला आणि बोट खाली आणले.

"हे काय करतात?" ताईंनी पटकन विचारले.

"ते होय!" लेक हसली. "ती विंगेतली युक्ती. खोकला आला की खळगीत बोट दाबायचं, श्वास धरायचा आणि आवंढा गिळायचा. अंक चालू असताना प्रॉम्प्टर खोकला तर झालंच की! बाबांच्या गुरूंनी त्यांना शिकवली, बाबांनी मला. मी अक्षरं गिरवायच्या आधी ही शिकले. लहानपणी त्यांच्या स्टुलापाशी बसायचे ना मी." मग तिने आणखी सांगितले, "वॉर्डात पाणी पिताना ते फार खोकायचे. शेजारचे पेशंट वळून बघायचे. बाबांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मग मी नुसतं असं बोट दाखवायचे, आणि ते शहाण्यासारखे गिळून टाकायचे. दोन-चार दिवसांत खोकला बंदच झाला."

ताई यंत्राकडे वळल्या. त्यांनी टिपलेला प्रवास पुन्हा लावला आणि पडद्यावर बोट ठेवून दाखवला. ही अन्नाची वाट. ही हवेची. आणि ही रेघ.

लेक पडद्याजवळ सरकली. "म्हणजे हे पाणी आत..."

"हो."

"आणि ते बाहेर काढायला..."

"खोकला लागतो."

ती काकांच्या पायांशी खाली बसली. तिलाही घालायला दिलेला शिशाचा कोट अंगावर तसाच. "म्हणजे ताप मीच आणला," ती म्हणाली. तिचा आवाज इतका खाली गेला होता, की फक्त मलाच ऐकू आला असे वाटले. पण काकांनीही ऐकला. कुजबुज ऐकणे हा त्यांचा धंदाच होता. त्यांनी धड असलेला हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि अडखळत म्हणाले, "शि... शिकवलं मी."

ताई खाली वाकून तिच्याजवळ बसल्या. "हे बघा, आपल्या माणसाची लाज राखावी असं कोणालाही वाटेल. पण एक ऐका. ज्यांना काही जाणवतच नाही, त्यांच्यासाठी माझ्या हातात अजून फार थोडं आहे. तुमच्या बाबांना जाणवतंय. पहारेकरी जागा आहे. आपण फक्त त्याचं तोंड दाबलंय."

तेव्हापासून काका उपचारासाठी येऊ लागले. क्ष-किरणांचे काम नसेल तेव्हा मला ताईंच्या खोलीत नेत, कारण काकांना मीच लागायची. पाण्यात पावडर घालून ते घट्ट करायचे. छोटा चमचा घ्यायचा. हनुवटी छातीकडे झुकवायची. श्वास धरायचा, गिळायचे, लगेच खोकायचे, पुन्हा एकदा गिळायचे. जेवणाआधी आणि नंतर दात, जीभ, हिरड्या स्वच्छ करायच्या, कारण लाळेबरोबर तोंडातली घाणही खाली उतरते. काका नव्या नाटकाच्या तालमीला यावे तसे येत. सगळे मन लावून करीत. श्वास धरीत, गिळीत, पुन्हा गिळीत.

मधला खोकला मात्र गाळीत.

"काका, खोका ना," ताई म्हणायच्या, आणि स्वतः खो-खो खोकून दाखवायच्या. काका तोंड वाकडे करून त्यांच्याकडे बघत, जणू ताई भर अंकात शिंकल्या आहेत. 

"काका, इथे प्रेक्षक नाहीत हो!"

काकांनी मान वळवून दाराकडे बघितले. तिथे फोटोभाऊ चहाचा कप घेऊन उभे होते. "तो?" काकांनी विचारले.

आम्ही सगळे हसलो. मी माझ्या पद्धतीने हसले. पण ते हसणे फार काळ टिकले नाही. काकांचा हट्ट नव्हता. त्यांना खरोखरच येत नव्हते. सगळे आयुष्य जी गोष्ट दाबण्यात गेली, ती आता कोणी 'काढा' म्हटल्यावर कशी निघावी? छातीपर्यंत यायची आणि तिथेच बोट वर जायचे. लेकीने बोट धरून ठेवले तर बोटाशिवाय दाबायचे. सवयीला हाताची गरज उरली नव्हती.

आणि मग पुन्हा ताप आला. या वेळी फार वाईट आला. ते अनेक दिवस माझ्याकडे आलेच नाहीत. पॅसेजमधून जाता-येता लोक बोलत, त्यावरून मला कळायचे. नाकातून नळी घातली आहे. तोंडाने एक थेंबही द्यायचा नाही. हात बांधून ठेवावा लागतो, नाहीतर नळी ओढतात. ओठांना पाणी लावले तर कापूस चोखतात. लेक दारात उभी राहून ताईंना सांगत होती, "पाणी, पाणी एवढंच म्हणतात हो. जन्मभर नटांना शब्द दिले त्यांनी, आणि आता स्वतःपाशी तो एकच शब्द उरलाय." एरवी काकांच्या उपचाराच्या वेळीही ती काहीतरी शिवत असायची; आज हातात काहीच नव्हते. तिचे रिकामे हात मी पहिल्यांदाच पाहिले आणि मला ते बघवेना.

मोठे डॉक्टर ताईंना म्हणाले, "मी काय दुष्ट आहे का? पण आणखी एक न्युमोनिया हा माणूस सोसणार नाही. पोटात कायमची नळी बसवू." ताई म्हणाल्या, "एकदा चाचणी करू द्या. आत गेलेलं त्यांना खोकून बाहेर काढता आलं, तर तोंडाने थोडं थोडं चालू ठेवता येईल." डॉक्टरांनी कपाळ चोळले. "आणि नाही आलं तर?" "तर मी गप्प बसेन," ताई म्हणाल्या.

त्या चाचणीच्या दिवशी काका माझ्यावर बसले तेव्हा मला आधी वाटले, कोणी पांघरूणच ठेवले आहे. एवढे वजन उतरले होते. पण पाठ त्यांनी ताठ केली. अर्धवट झाली, पण केली. नळी काढली होती. मोठे डॉक्टर काचेमागे फोटोभाऊंशेजारी उभे होते. लेकीला ताईंनी माझ्या मागे, उजव्या खांद्यापाशी उभे केले आणि सांगितले, "काही बोलायचं नाही. मी सांगेन ते काका स्वतःच करतील."

औषध मिसळलेले चमचाभर पातळ पाणी. काकांनी ते तोंडात घेतले आणि डोळे मिटले. किती दिवसांनी! मग गिळले. पडद्यावर तीच रेघ, तीच चुकीची वाट.

"खोका, काका. जोरात."

पाठ कडक झाली. श्वास थांबला. बोट वर गेले.

"खोका ना काका!"

काका थरथरत होते. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. रेघ खाली सरकत होती. काचेमागे डॉक्टरांनी मान हलवली. मोठ्याने सांगून काही होत नव्हते, उलट ताईंचा आवाज चढेल तसे काका आणखी आवळत होते. माझा जीव टांगणीला लागला होता.

लेक जिथे उभी होती, ती जागा आठवा. मागे, उजव्या खांद्यापाशी, प्रकाशाच्या बाहेर. विंगेतली जागा तीच. तिला काय आठवले ते तिने पुढे कितीदा तरी सांगितले, म्हणून मला माहीत आहे. बाबांनी तिला लहानपणी शिकवले होते, की अडलेल्या नटावर ओरडायचे नसते. त्याला सगळे पाठ असते. त्याला फक्त पहिला शब्द हळूच द्यायचा असतो, पुढचे त्याचे तोच म्हणतो.

तिने पुढे होऊन बाबांचे गळ्यापाशी गेलेले बोट आपल्या मुठीत घेतले. मग वाकून त्यांच्या कानाशी तोंड नेले, आणि ती खोकली. अगदी हळू. पहिल्या रांगेलाही ऐकू जाऊ नये इतक्या हळू.

काकांच्या पापण्या हलल्या. ती थांबली. घाई केली नाही. मग पुन्हा तितक्याच हळू खोकली.

आणि मित्रांनो, माझ्या पाठीला ते कळले. आधी कुठेतरी खोल एक हिसका बसला. मग वर्षानुवर्षे न उघडलेले दार करकरत उघडावे तसा एक खोकला निघाला. फाटका, बेसूर, अर्धा. आणि त्याच्यामागून दुसरा, पुरा. त्याने त्यांची पाठ माझ्यावर आपटली आणि माझी ती लाकडी खुंटी भोकातल्या भोकात हलली. पडद्यावर काळी रेघ वर चढली, झाकणाच्या बाहेर आली आणि तोंडात परतली. ताईंनी वाटी पुढे धरली.

काका धापा टाकत होते. मग त्यांनी मान वळवून लेकीकडे बघितले आणि कपाळाला आठ्या घालून कुजबुजले, "शब्द... उशिरा दिलास."

ती हसत होती की रडत होती, ते मला सांगता येणार नाही. काचेमागे मोठे डॉक्टर पाठ फिरवून चष्मा पुसत होते.

आता काका खडखडीत बरे झाले, असे सांगायला मला आवडले असते. पण ते झाले नाहीत. पोटातली नळी टळली, एवढेच. घट्ट पाणी त्यांना शेवटपर्यंत आवडले नाही; "गोंद आणला का?" असे विचारायचे. साधे पाणी फक्त तोंड स्वच्छ करून, चमच्याचमच्याने, आणि लेक उजव्या खांद्यापाशी असेल तरच. तिला नाट्यगृहातून जेवणाच्या वेळी धावत घरी यावे लागे. कधी ती थकून चिडायची, कधी काका ताट ढकलून द्यायचे. ताईंकडे आले की दोघे एकमेकांच्या तक्रारी करायचे. मधूनच बारीक ताप यायचा आणि सगळ्यांचे चेहरे पांढरे पडायचे.

पुढे खोलीत नवी खुर्ची आली. चाकांची, पट्ट्यांची, हवी तशी वर-खाली होणारी. तिच्या पाठीतून किरण आरपार जातात म्हणे. मी तिचा हेवा करीत नाही. आजारी माणसाला तिच्यावर आराम वाटतो, हे मी दारातून पाहिले आहे. मला भंगारात काढणार होते, तर ताई म्हणाल्या, "बाहेर राहू दे. थांबणाऱ्यांना बसायला होईल." त्यांचे संशोधन अजून चालू आहे. आणि मोठे डॉक्टर हल्ली फेरीत 'खोकत नाही' असे ऐकले की पुढे जात नाहीत. थांबून विचारतात, "नाही, की दाबताहेत? की जाणवतच नाही?" मग ताईंना निरोप जातो.

मध्यंतरी एके दिवशी दुपारी लेक एकटीच पॅसेजमधून आली. पदराला सुया होत्या. ताई बाहेर आल्या, तिच्यापुढे चाकांची खुर्ची नाही हे त्यांनी बघितले आणि त्या जागीच थांबल्या.

"गेले," लेक म्हणाली. "शेवटी छातीनेच नेलं. पण तोंडाने जेवत होते हो, शेवटच्या आठवड्यापर्यंत." मग ती जरा हसली. "आणि खोकायला असे लागले होते, की भिंतीपलीकडचे शेजारी धावत यायचे, काय झालं म्हणून. मी सांगायचे, काही नाही, बाबा जेवताहेत."

एवढे बोलून ती माझ्यावर बसली. माझ्यावरची पिशवी कोणाची आहे हे न बघता तिने ती खाली ठेवली. तिची पाठ माझ्यावर कडक झाली, श्वास थांबला, आणि तिचे बोट सावकाश वर जाऊन गळ्याखालच्या खळगीत टेकले. ती पाठ मी ओळखली. पण या वेळी मला कुरकुरावे लागले नाही. ताईंनी पुढे होऊन ते बोट तिथून काढले आणि आपल्या हातात धरले. मग ती भर पॅसेजमध्ये मोठ्याने रडली. लोक वळून बघत होते. तिने बघू दिले.

मित्रांनो, माझा आखूड पाय कोणी नीट केला तर मला बरे वाटेल. नाही केला तरी माझी तक्रार नाही. पण तुमच्या घरी कोणी थकलेले, आजारी माणूस जेवत असेल, तर त्याला आडवे ठेवून भरवू नका. ताठ बसवा. त्याच्याजवळ बसा. एक घास उतरल्याशिवाय दुसरा पुढे करू नका. त्याला ठसका लागला तर 'चूप' म्हणू नका, आणि कधीच लागत नसेल तर आपली सुटका झाली असे समजू नका; कोणा जाणत्याला विचारा. आणि त्याला बसवायला धड खुर्ची मिळाली नाही, तर मी इथे आहे, कूलरच्या शेजारी. माझ्यावरचे रेनकोट तेवढे बाजूला करा.